मायक्रोकंट्रोलर बोर्डला बाहेरून पॉवर देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉपला जोडलेला प्रोजेक्ट टेबलावर छान चालतो. तोच डब्यात बसवून ॲडॉप्टर किंवा बॅटरीवर टाकला की मध्येच रीसेट होतो, सेन्सर भलतेच आकडे दाखवतो, सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) थरथरतो. मग कोड चाळत रात्र जाते. माझं ठाम मत आहे की अशा वेळी आधी मल्टिमीटर उचलावा आणि कोड नंतर उघडावा. खालचे प्रश्न नव्यानं शिकणारी मुलं, डिप्लोमाचे विद्यार्थी आणि घरी-शेतात स्वतः काहीतरी उभं करणारी मंडळी नेहमी विचारतात. अर्डुइनो उनो आर३ हा बोर्ड बहुतेकांच्या हातात असतो, म्हणून जास्त बोलणं त्याच्याबद्दल आहे.

यूएसबीवर सगळं चालतंय. मग बाहेरचा सप्लाय लागतोच कशाला?

नुसता बोर्ड, दोन-चार एलईडी आणि एखादा सेन्सर असेल तर लागत नाही. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर आणि चांगली केबल पुरते. उनोच्या यूएसबी वाटेवर ५०० मिलीअँपिअरचा पॉलिफ्यूज आहे. त्यापुढे करंट ओढला की तो तापून वाट अडवतो आणि गार झाला की पुन्हा मोकळी करतो. मोटर, रिले, एलईडी पट्टी, जीएसएम मोड्यूल यांपैकी काहीही आलं की यूएसबीच्या भरवशावर राहू नका.

उनोला पॉवर नेमका कुठून द्यायचा? जॅक, व्हीइन आणि ५ व्होल्टची पिन यांत फरक काय?

फरक मोठा आहे आणि बोर्ड उडण्याची निम्मी कारणं इथेच सापडतात.

गोल जॅकमधून आलेला करंट आधी एका डायोडमधून जातो, मग ५ व्होल्टच्या रेग्युलेटरमधून, म्हणजे जास्तीचे व्होल्ट उतरवून ठरावीक ५ करणाऱ्या भागातून. प्लस-मायनस उलटं आलं तर हा डायोड करंट अडवतो, म्हणजे इथे चूक माफ होते. जॅकची पिन आतून २.१ मिमी, बाहेरून ५.५ मिमी, आणि मधल्या टोकावर प्लस.

व्हीइन पिन डायोडच्या पलीकडे, थेट रेग्युलेटरच्या तोंडाशी आहे. रेग्युलेटर इथेही काम करतो, पण उलट जोडणीपासून संरक्षण नाही. व्हीइनला वायर लावायच्या आधी मीटरवर प्लस कुठला ते बघाच.

५ व्होल्टच्या पिनवर दिलेला पॉवर रेग्युलेटरला वळसा घालून सरळ चिपपर्यंत पोचतो. अडवायला वाटेत कोणी नाही. एटीमेगा३२८पी ही चिप ५.५ व्होल्टपर्यंत नीट चालते आणि ६ व्होल्ट ही तिची कमाल मर्यादा आहे. तिथे ९ किंवा १२ व्होल्ट दिले तर चिप गेली असंच समजा, आणि त्या ५ व्होल्टवर चालणारे सेन्सरही तिच्यासोबत जातात. तरीही स्थिर, मोजून घेतलेला ५ व्होल्ट हाताशी असेल तर ही पिन उत्तम. उष्णता नाही, वाया जाणारी ऊर्जा नाही. माझ्या मते पक्क्या बसवायच्या प्रोजेक्टसाठी हाच खरा मार्ग आहे. फक्त आधी मोजायची सवय हवी.

ॲडॉप्टर किती व्होल्टचा घेऊ?

जॅकसाठी ७ ते १२ व्होल्ट. ६ ते २० ही टोकाची मर्यादा छापलेली असते, तिथे राहायचं नाही. दुकानात विचारलंत तर ९ व्होल्ट, १ अँपिअर मागा.

७च का, ५ का नाही? डायोड साधारण ०.८ व्होल्ट खातो आणि रेग्युलेटरला स्वतःसाठी व्होल्टभर जास्तीचा लागतो. ७ मधून हे वजा केलं की जेमतेम ५ उरतात. जॅकला ५ व्होल्टचा ॲडॉप्टर लावला तर चिपपर्यंत ३ व्होल्टच्या आसपास पोचतात. एलईडी लागतो, बोर्ड जिवंत दिसतो, पण १६ मेगाहर्ट्झवर नीट चालायला त्या चिपला पावणेचार व्होल्टच्या वर लागतात. त्यामुळे तो कधी चालतो, कधी भरकटतो. असा बोर्ड पूर्ण बंद असलेल्या बोर्डापेक्षा जास्त त्रास देतो, कारण संशय कोडवर जातो.

वरच्या बाजूला प्रश्न उष्णतेचा. रेग्युलेटर जास्तीचे व्होल्ट उष्णता करून टाकून देतो. १२ व्होल्ट दिले आणि बोर्डासकट सगळं मिळून २०० मिलीअँपिअर ओढत असेल तर (१२ − ५) × ०.२ म्हणजे १.४ वॅट. यातला थोडा भाग डायोड घेतो, बाकी सगळा नखाएवढ्या रेग्युलेटरवर येतो, तोही हीटसिंकशिवाय. बोट टेकवत नाही इतका तो तापतो. फारच तापला की स्वतःला बंद करतो, गार झाला की पुन्हा सुरू होतो. दर काही मिनिटांनी बोर्ड आपोआप रीस्टार्ट होत असेल तर आधी तिथे बोट जवळ नेऊन बघा. ९ व्होल्टवर तेवढ्याच लोडला ही उष्णता ०.८ वॅटवर येते.

स्वस्त उनो-नकलांवर बऱ्याचदा एएमएस१११७ रेग्युलेटर असतो आणि त्याची कमाल मर्यादा १५ व्होल्ट आहे. त्यामुळे २० चा आकडा वाचून धीट होऊ नका. २०२३ मध्ये आलेल्या उनो आर४ वर मात्र स्विचिंग कन्व्हर्टर आहे, तो ६ ते २४ व्होल्ट घेतो आणि तापत नाही.

माझा ॲडॉप्टर २ अँपिअरचा आहे. बोर्ड जळेल का?

नाही. व्होल्ट सप्लाय ठरवतो, अँपिअर लोड ठरवतो. २ अँपिअर म्हणजे तो तेवढा देऊ शकतो. बोर्डाला ५० मिलीअँपिअर हवेत तर तो ५०च घेणार. ५ अँपिअरचा सप्लायही चालतो. फक्त शॉर्ट झालं तर मोठा सप्लाय वायर वितळवू शकतो, म्हणून मध्ये फ्यूज घाला.

घरात जुना ॲडॉप्टर पडलाय. त्यावर ९ व्होल्ट लिहिलंय. लावू?

आधी उचलून बघा. आकाराच्या मानानं जड लागला तर आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर आहे आणि तो बहुधा रेग्युलेटेड नाही. अशा ॲडॉप्टरवर ९ लिहिलेलं असतं ते पूर्ण लोडवरचं. रिकामा मोजला तर १३-१४ व्होल्ट दिसतात. हलका असेल तर एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा सप्लाय), त्याचा आकडा सहसा खरा निघतो.

स्टिकरवर तीन गोष्टी वाचा. ‘आउटपुट’च्या ओळीत डीसी आहे ना? काही ॲडॉप्टर एसी देतात, ते इथे चालत नाहीत. मग व्होल्ट आणि अँपिअर. आणि शेवटी ती छोटी आकृती: मधल्या ठिपक्याकडे प्लसची रेघ जाते की मायनसची. काही गिटार पेडल आणि जुन्या खेळण्यांच्या ॲडॉप्टरमध्ये मध्ये मायनस असतो. आकृती नसेल तर मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल प्रोब जॅकच्या आत, काळा बाहेरच्या कडेला. आकड्याआधी वजा चिन्ह आलं तर पोलॅरिटी उलटी आहे.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी चालेल ना?

चालते, टिकत नाही. ती स्मोक अलार्मसारख्या अगदी थोडा करंट ओढणाऱ्या वस्तूंसाठी आहे. चांगल्या अल्कलाइन बॅटरीत सुमारे ५०० मिलीअँपिअर-तास असतात, साध्या कार्बन-झिंकमध्ये त्याहून बरेच कमी. उनो स्वतःच ४५-५० मिलीअँपिअर पितो. त्यात बॅटरी ७ व्होल्टखाली उतरली की आत ऊर्जा शिल्लक असूनही बोर्डाला तिचा उपयोग नाही. सर्व्हो लावलात तर पहिल्याच झटक्यात व्होल्टेज कोसळतं.

त्याऐवजी सहा एए आकाराचे रिचार्जेबल निकेल-मेटल-हायड्राइड सेल सिरीजमध्ये लावा आणि ते व्हीइनला द्या. चार अल्कलाइन सेल थेट ५ व्होल्टच्या पिनवर देऊ नका. नवे असताना ते ६ व्होल्टच्या पुढे जातात.

१८६५० लिथियम सेलवर ईएसपी३२ (वाय-फायवाला बोर्ड) कसा चालवू?

लिथियम-आयन सेल भरलेला ४.२ व्होल्ट, उतरलेला ३ व्होल्ट, मधला बराच वेळ ३.७ च्या आसपास. ईएसपी३२ चिपला ३.० ते ३.६ व्होल्ट लागतात. म्हणून सेल थेट ३.३ व्होल्टच्या पिनवर लावायचा नाही, ४.२ तिला जास्त आहे. ५ व्होल्टच्या पिनवर लावला तर बोर्डवरचा एएमएस१११७ व्होल्टभर खातो, चिपला २.७ उरतात आणि वाय-फाय सुरू होताच ती कोसळते.

दोन वाटा आहेत. सेलनंतर बूस्ट मोड्यूल लावून ५ व्होल्ट करा आणि ५ व्होल्टच्या पिनवर द्या. सोपं आहे, पण थोडी ऊर्जा जाते. किंवा कमी ड्रॉपआउटचा (स्वतः फार कमी व्होल्ट खाणारा) ३.३ व्होल्ट रेग्युलेटर, उदाहरणार्थ ५०० मिलीअँपिअरचा एचटी७८३३, वापरून थेट ३.३ च्या पिनवर द्या. महिनोन्‌महिने बॅटरीवर ठेवायचा सेन्सर असेल तर दुसरीच वाट घ्या. डीप स्लीपमध्ये ईएसपी३२ चिप फक्त १० मायक्रोअँपिअरच्या घरात जाते, पण डेव्हलपमेंट बोर्डवरचा एएमएस१११७ स्वतःच काही मिलीअँपिअर पीत बसतो आणि पॉवरचा लाल एलईडी वर आणखी. झोपलेल्या बोर्डाची बॅटरी आठवड्यात का संपते, त्याचं उत्तर हे आहे.

सेल घेताना ९९०० मिलीअँपिअर-तास असं छापलेलं दिसलं तर ठेवून द्या. या आकाराचे उत्तमातले उत्तम सेल ३५०० च्या आसपास असतात. आणि संरक्षण सर्किट नसलेला सेल कधीही वापरू नका. लिथियमची आग विझवणं घरच्या माणसाच्या हातातलं काम नाही.

ईएसपी३२ सीरियल मॉनिटरवर ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’ दाखवतो आणि रीस्टार्ट होत राहतो. कोडमध्ये काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. चिप स्वतःच सांगते आहे की मला पुरेसं व्होल्टेज मिळालं नाही. वाय-फाय पाठवताना ती क्षणभर २४० मिलीअँपिअरपर्यंत ओढते. चार्जिंगपुरती मिळणारी बारीक केबल, सैल ब्रेडबोर्ड, लांबलचक जंपर वायर, यातलं काहीही मध्ये असलं की त्या क्षणी व्होल्टेज पडतं.

केबल बदला, जाड आणि आखूड घ्या. ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये, बोर्डाच्या अगदी जवळ, ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा. तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखा काम करतो: नळाला धार कमी असली तरी एकदम लागणारं पाणी तिथून मिळतं. मोजताना ॲडॉप्टरच्या टोकाशी नको, बोर्डाच्या पिनवर मोजा, तेही वाय-फाय चालू असताना. इंटरनेटवर ब्राउनआउट डिटेक्टर कोडमधून बंद करण्याची एक ओळ सर्रास मिळते. ती वापरू नका. तक्रार ऐकू येईनाशी होते, पण व्होल्टेज तितकंच कमी राहतं.

सर्व्हो जोडला की उनो रीसेट होतो.

एसजी९० हा छोटा निळा सर्व्होसुद्धा अडकला तर अर्धा अँपिअरच्या वर ओढतो. त्याला बोर्डावरच्या ५ व्होल्टमधून चालवू नका. वेगळा ५ व्होल्ट, २ अँपिअर सप्लाय द्या: सर्व्होची लाल वायर त्या सप्लायच्या प्लसला, तपकिरी वायर मायनसला, नारंगी सिग्नल बोर्डाच्या पिनला.

आणि बोर्डाचा ग्राउंड त्या सप्लायच्या मायनसला जोडा. ही एक वायर विसरल्यामुळे जितके सर्व्हो वेडेवाकडे फिरतात तितके दुसऱ्या कशामुळेही नाही. सिग्नलचे ५ व्होल्ट कशाच्या तुलनेत मोजायचे हेच सर्व्होला कळत नाही, कारण दोन्ही बाजूंचा शून्य वेगळा असतो. दोन सप्लायचे प्लस मात्र एकमेकांना जोडायचे नाहीत.

एलईडी पट्टीलाही हाच नियम. डब्ल्यूएस२८१२बी पट्टीतला एक एलईडी पूर्ण पांढरा असताना ६० मिलीअँपिअरपर्यंत घेतो. ६० एलईडी म्हणजे ३.६ अँपिअर. कुठल्याही बोर्डाच्या पिनमधून हे जाणार नाही.

एलएम२५९६ हे बक (व्होल्ट कमी करणारं) मोड्यूल घेतलं. ५ व्होल्ट कसं करायचं?

पुढे काहीही न जोडता आधी फक्त इनपुटला १२ व्होल्ट द्या आणि आउटपुटवर मीटर लावा. निळ्या चौकोनी पोटेन्शिओमीटरवरचा पितळी स्क्रू बारीक स्क्रूड्रायव्हरनं फिरवा. हा बहुफेरी असतो, त्यामुळे सुरुवातीचे कित्येक फेरे आकडा जागचा हलत नाही. मोड्यूल खराब आहे असं समजून थांबू नका, फिरवत राहा. ५.० आलं की स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका, म्हणजे हादऱ्यानं सरकणार नाही. मग पॉवर बंद करून बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनला जोडा.

कागदावर ३ अँपिअर लिहिलेलं असलं तरी हीटसिंकशिवाय दीड-दोनच धरा. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या दुकानांत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे मोड्यूल सहज मिळतं. घेताना तिथेच मोजून दाखवायला सांगा, बहुतेक दुकानदार दाखवतात.

बाहेरचा सप्लाय चालू असताना यूएसबी लावली तर चालेल?

उनोला जॅक किंवा व्हीइनवरून पॉवर असेल तर चालेल. बोर्डवर एक कंपॅरेटर व्हीइन बघतो आणि ते साधारण ६.६ व्होल्टच्या वर असेल तर यूएसबीचे ५ व्होल्ट तोडतो. ५ व्होल्टच्या पिनवरून पॉवर असेल तर मात्र लावू नका. दोन सप्लाय समोरासमोर येतात आणि करंट लॅपटॉपच्या पोर्टात उलटा शिरू शकतो. कोड टाकताना बाहेरचा सप्लाय काढून ठेवा.

नॅनो आणि पिकोचं काय?

नॅनोला जॅक नाही, व्हीइनवर ७ ते १२ व्होल्ट द्या. यूएसबीवर असताना त्याच्या ५ व्होल्ट पिनवर ४.७ च्या आसपास दिसतात, कारण वाटेत शॉटकी (कमी व्होल्ट खाणारा) डायोड आहे. तो दोष नव्हे.

रास्पबेरी पाय पिको वेगळा आहे. त्याच्या व्हीसिस पिनवर १.८ ते ५.५ व्होल्ट काहीही चालतं, म्हणून दोन-तीन एए सेलवर किंवा एका लिथियम सेलवर तो थेट चालतो. ९ व्होल्ट दिले तर जातो. यूएसबी आणि बाहेरचा सप्लाय दोन्ही ठेवायचे असतील तर बाहेरच्या प्लसवर शॉटकी डायोड घालून व्हीसिसला द्या.

पॉवर बँक थोड्या वेळानं आपोआप बंद होते.

करंट फार कमी ओढला जातो, म्हणून फोन चार्ज झाला असं समजून ती झोपते. ‘ट्रिकल’ किंवा कमी करंटची सोय असलेली पॉवर बँक बघा.

शेतातल्या मोटरसाठी मोबाइलवरून चालू-बंद करायचं सर्किट करतोय. पॉवर कसा द्यावा?

शेतीच्या फीडरला वीज पाळीनं येते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्री पाण्याला जाणाऱ्याला साप-विंचवाची भीती असते, म्हणून अशा कामाला मोल आहे आणि ते नीटच व्हायला हवं.

वीज नसतानाही सर्किट जागं राहायला हवं, म्हणून १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी घ्या. सोलर पॅनल लावणार असाल तर ते बोर्डाला थेट कधीही नको. ‘१२ व्होल्ट’ म्हणून विकलेलं पॅनल लोड नसताना २१-२२ व्होल्ट देतं. पॅनल, मग चार्ज कंट्रोलर, मग बॅटरी, मग फ्यूज, मग बक मोड्यूल, मग बोर्ड, हा क्रम ठेवा. बॅटरीही चार्ज होताना १४.४ व्होल्टपर्यंत चढते, ती व्हीइनला देऊन रेग्युलेटर तापवण्यात अर्थ नाही. हिशेब बघा: ५ व्होल्टवर १०० मिलीअँपिअर लागत असतील तर व्हीइनमार्गे बॅटरीतून तेवढेच १०० जातात. चांगल्या बक मोड्यूलमधून साधारण ५०. निम्मीच बॅटरी वापरायची असं धरलं तर पहिल्या प्रकारात दीड दिवस मिळतो आणि दुसऱ्यात जवळपास तीन.

सिम८००एल या जीएसएम (मोबाइल नेटवर्कच्या) मोड्यूलला वेगळं बक मोड्यूल द्या, ४ व्होल्टवर लावलेलं. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि नेटवर्क शोधताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. पायाशीच १००० मायक्रोफॅरड लावा. ५ व्होल्ट दिले तर बिघडतं, उनोच्या ३.३ वर तर उठतच नाही. हे मोड्यूल टूजीवर चालतं, त्यामुळे जिओचं सिम त्यात चालणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. निळ्या छोट्या रिलेवर १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं. थ्री-फेज स्टार्टरची कॉइल पुष्कळदा ४१५ व्होल्टची असते. तिथे हा रिले लावायचा नाही, कॉन्टॅक्ट चिकटून बसले तर मोटर बंदच होणार नाही. मध्ये योग्य रेटिंगचा रिले किंवा छोटा कॉन्टॅक्टर घ्या आणि स्टार्टरच्या पेटीतलं काम लायसन्सधारक वायरमनकडून करून घ्या. स्टार्टर पडताना होणाऱ्या ठिणगीनं बोर्ड रीसेट होत असेल तर कॉइलवर स्नबर (ठिणगी दाबणारी रेझिस्टर-कॅपॅसिटरची जोडी) लावा आणि बोर्डाच्या वायरी पॉवरच्या वायरींपासून लांब न्या.

२३० व्होल्टवरून थेट ५ व्होल्ट करणारं छोटं मोड्यूल डब्यात बसवू का?

एचएलके-पीएम०१ सारखं मोड्यूल ५ व्होल्ट, ६०० मिलीअँपिअर देतं आणि आतून आयसोलेटेड असतं, म्हणजे ५ व्होल्टची बाजू लाइनशी थेट जोडलेली नसते. ते वापरता येतं, पण इनपुटला फ्यूज आणि व्हॅरिस्टर (व्होल्टेजचा झटका शोषणारा भाग) हवेत, बंद प्लॅस्टिकचा डबा हवा आणि एसीच्या बाजूचं काहीही ब्रेडबोर्डवर नको. शाळेच्या प्रदर्शनासाठी करत असाल तर साधा मोबाइल चार्जर बाहेर ठेवा आणि डब्यात फक्त ५ व्होल्ट न्या. कॅपॅसिटर आणि रेझिस्टरनं थेट लाइनवरून व्होल्टेज उतरवणारी ट्रान्सफॉर्मरविना सर्किटं मात्र हातात धरायच्या कुठल्याही वस्तूत नकोत. त्यात ग्राउंडला हात लागणं म्हणजे लाइनलाच हात लागणं.

उलटं जोडलं गेलं, बोर्ड लागत नाही. मेला का?

लगेच पॉवर काढा आणि सगळ्या वायरी सोडवा. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये बघा. सलग बीप वाजत राहिला तर काहीतरी शॉर्ट झालंय. तसा बोर्ड लॅपटॉपला लावू नका. बीप नसेल तर मोबाइलच्या चार्जरवर यूएसबीनं लावा आणि ५ आणि ३.३ च्या पिना मोजा. व्होल्टेज बरोबर असून कोड जात नसेल तर उनोवरची चिप सॉकेटमध्ये असल्यास काढून बूटलोडर (कोड उतरवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) टाकलेली दुसरी बसवून बघा. यूएसबीवर ५ व्होल्ट ठीक आहेत आणि जॅकवर नाहीत, तर रेग्युलेटर किंवा त्याच्या आधीचा डायोड गेलाय. असा बोर्ड फेकू नका. ५ व्होल्टच्या पिनवर मोजलेला सप्लाय देऊन तो पुढेही चालवता येतो.